जानेवारीतही वाहणारा पावसाळी नाला

मुंबई महानगरपालिकेत ‘पर्जन्य जलवाहिन्या’ नावाचं एक खातं आहे. मुंबईकराला ते वर्षातून दोनदा आठवतं. मे महिन्यात तो विचारतो, नालेसफाई झाली का? जुलैत विचारतो, हिंदमाताच्या सखल चौकात पाणी भरलं का? गणपती गेले की खातंही विस्मरणात जातं. इतकी वर्षं नाल्याकाठी राहून मला मात्र वाटू लागलं आहे, की या खात्याची खरी परीक्षा जानेवारीत असते.

पावसाचं पाणी वाहून नेण्यासाठी असलेला नाला जानेवारीत कोरडा हवा. पाऊस थांबून तीन महिने उलटलेले असतात, रस्त्यावर धूळ उडत असते. तरीही गोरेगावात आमच्या सोसायटीमागून जाणारा नाला जानेवारीच्या भर दुपारी घोटाभर पाण्याने वाहत असतो. ते पाणी पावसाचं नव्हे. कुणाच्या मोरीचं, कुणाच्या संडासाचं, कोपऱ्यावरच्या गॅरेजात धुतलेल्या इंजिनाचं, वरच्या अंगाच्या तबेल्यातलं शेण धुतल्याचं. अभियंत्यांच्या भाषेत याला कोरड्या हवामानातला प्रवाह म्हणतात. या खात्याची दीडशे वर्षांची वाटचाल मी वाचत गेलो, थोडी डोळ्यांनी पाहिली, आणि प्रत्येक टप्प्यावर हाच प्रवाह आडवा आला. पाणी किती वेगाने जाईल याचा हिशोब खात्याने सतत मांडला. पाण्यातून काय जातं आहे, याचा हिशोब मांडायला फार उशीर झाला.

सुरुवात समुद्रापासून करावी लागते. सात बेटांच्या मधल्या खाड्यांमधून भरतीचं पाणी मोकळं आत-बाहेर करत होतं. गव्हर्नर विल्यम हॉर्नबीच्या काळात, १७८४ च्या सुमारास, महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधलं मोठं खिंडार बांध घालून बुजवलं. तो बांध म्हणजे हॉर्नबी वेलार्ड. आतली दलदल हळूहळू सुकली, भराव पडला आणि त्यावर कामाठीपुरा, ताडदेव, भायखळ्याचा सखल भाग वसला. जमीन मिळाली खरी, पण ती भरतीच्या पातळीखालीच राहिली. ज्या बांधाने समुद्र बाहेर ठेवला त्यानेच पाऊस आत कोंडला. मग वरळीला लव्ह ग्रोव्हपाशी झडपा बसल्या. ओहोटीला उघडायच्या, भरतीला मिटायच्या. खात्याचं काम तेव्हापासून चंद्राच्या वेळापत्रकावर बांधलं गेलं. आजही पावसाळ्यात नियंत्रण कक्षात पावसाच्या आकड्याशेजारी भरतीची वेळ आणि लाटांची उंची लिहिलेली असते.

एकोणिसाव्या शतकात मोठी शहरं एका प्रश्नाशी झगडत होती. मैलापाणी आणि पावसाचं पाणी एकाच वाहिनीतून न्यायचं, की दोन वेगळ्या? लंडनने, बाझलगेट या अभियंत्याच्या आखणीनुसार, दोन्ही एकत्र नेलं. मुंबईने पुढे दोन वाटा वेगळ्या केल्या. मुंबईसारख्या गावात हे शहाणपणाचंच होतं. आमच्याकडे वर्षभराचा पाऊस चार महिन्यांत कोसळतो. तो मैलापाण्यात मिसळला, तर एवढा लोंढा पेलणारी वाहिनी आणि शुद्ध करणारी यंत्रणा कुठून आणायची? म्हणून मैलापाणी मलवाहिनीतून शुद्धीकरणाकडे जायचं आणि पावसाचं पाणी पर्जन्य जलवाहिनीतून सरळ समुद्रात. या व्यवस्थेच्या पोटात एक विश्वास आहे, तो नीट पाहायला हवा. आकाशातून पडलेलं पाणी स्वच्छच असतं, त्याच्यावर काही प्रक्रिया करायची गरज नाही. दुसऱ्या शब्दांत, या वाहिनीत आपण जे टाकू ते जसंच्या तसं समुद्राला मिळणार, वाटेत ते थांबवणारं कुणी नाही. रस्त्याकडेच्या जाळीत चहाचा कप टाकणाऱ्याला हे ठाऊक नसतं. त्याला वाटतं, गटार आहे, पुढे कुठेतरी साफ होत असेल.

१८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याने गटारं बांधणं, राखणं आणि साफ करणं हे पालिकेच्या बंधनकारक कर्तव्यांत घातलं. कायदा आजही तोच आहे. शहर भागात, म्हणजे माहीम-शीवच्या दक्षिणेला, रस्त्यांखालून विटांच्या कमानी वाहिन्या गेल्या. त्यांतल्या कित्येक अजून वापरात आहेत. त्या काळच्या गवंड्यांचं काम पाहिलं की मन भरून येतं. अरुंद पोकळीत, अर्ध्या उजेडात एकेक वीट अशी बसवली आहे की शतकभर मोटारी, बस, ट्रक डोक्यावरून जाऊनही कमान ढळलेली नाही. पण त्या कमानीचा आडवा छेद ज्या हिशोबावर ठरला तो हिशोब काळाबरोबर मोडला. तासाला २५ मिलिमीटर पाऊस पडेल, तोही ओहोटीच्या वेळी, आणि त्यातला निम्मा जमिनीत मुरेल, असं गृहीत धरलं होतं. निम्मा मुरेल, कारण तेव्हा अंगणं होती, वाड्या होत्या, मैदानं होती, दादर-माटुंग्याला माती दिसत होती. पुढे प्रत्येक अंगणात लादी बसली, प्रत्येक पायवाटेवर काँक्रीट आलं. पाऊस तेवढाच पडत राहिला, पण मुरायचं थांबून तो सगळा जाळीकडे धावू लागला. धावताना वाटेतली घाण सोबत घेऊ लागला.

उपनगरांची गोष्ट वेगळी. १९५० आणि १९५७ साली ती टप्प्याटप्प्याने मुंबईत आली, मुलुंड आणि दहिसरपर्यंत. खात्याच्या पदरात एकदम शेतांमधून वाहणारे ओहोळ आणि चार नद्या पडल्या. दहिसर, पोईसर, ओशिवरा आणि मिठी. आताच्या राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरातून आणि त्याच्या कुशीतल्या तलावांकडून येणारं हे पाणी. गोरेगाव-मालाडची जुनी माणसं अजून सांगतात, की त्यांनी या ओढ्यांत कपडे धुतले, खेकडे पकडले. सरकारी कागदावर मात्र या सगळ्यांचं हळूहळू एकच नाव झालं, नाला. नाव बदललं की वागणूकही बदलते. नदीत कचरा टाकताना हात थोडा तरी थांबतो. नाला म्हटलं की थांबायचं कारणच उरत नाही.

आणि याच काळात लाखो माणसं या काठांवर राहायला आली, कारण दुसरी जागा त्यांना परवडत नव्हती. वस्त्या वाढल्या, मलवाहिन्या त्यांच्यापर्यंत पोचल्या नाहीत. संडासाचं पाणी नाल्यात सोडणाऱ्याला दोष देणं सोपं आहे. पण ज्याच्या दाराशी मलवाहिनीच आली नाही, त्याने ते कुठे सोडायचं? ही चूक त्या माणसाची नाही. शहराने काम करून घेतलं आणि गटार दिलं नाही, ही शहराची चूक आहे. साकीनाका-कुर्ला पट्ट्यात रसायनांचे पिंप धुणारे, तेलाचे डबे साफ करणारे, भंगार जाळून तांबं काढणारे छोटे धंदे मिठीच्या काठाला वाढले. आरे आणि जोगेश्वरीच्या बाजूच्या तबेल्यांतलं शेण पाण्याच्या मोठ्या पाइपाने धुऊन नाल्यात सोडलं जात राहिलं. तबेले डहाणूजवळच्या दापचरीला हलवण्याचा बेत अनेक वर्षं कागदावर फिरत राहिला.

१९८५ च्या पुरानंतर खात्याला जाणवलं, की हे सगळं मुळापासून तपासायला हवं. १९८९ साली सल्लागार नेमले गेले आणि १९९३ साली अहवाल हाती आला. ब्रिमस्टोवॅड या नावाने तो ओळखला जातो. मुंबईच्या सगळ्या पर्जन्य जलवाहिन्यांची इतकी बारकाईने मोजणी त्याआधी झाली नव्हती. सुमारे दोन हजार किलोमीटर उघड्या नाल्या, चारशे चाळीस किलोमीटरच्या आसपास बंद वाहिन्या, रस्त्याकडेची तीस हजार प्रवेशद्वारं आणि समुद्रात उघडणारी १८६ पातमुखं. या पातमुखांबद्दलचा एक हिशोब मला नेहमी अस्वस्थ करतो. ४५ पातमुखं समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली आहेत, १३५ भरतीच्या पातळीखाली, आणि फक्त सहा अशी आहेत की जी भरतीतही मोकळी राहतात. म्हणजे भरतीच्या वेळी शहराच्या जवळजवळ सगळ्या तोंडांवर समुद्राचा हात असतो. पाऊस आणि भरती एकत्र आली की वाहिनीतलं पाणी उलटं फिरतं आणि त्यातलं सगळं रस्त्यावर, दुकानात, तळमजल्याच्या खोलीत येऊन बसतं. अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण त्यानंतर आठवड्याभरात दिसू लागतात.

अहवालाने सुचवलं, की क्षमता दुप्पट करा, तासाला ५० मिलिमीटर धरा, आणि पाणी मुरेल हे गृहीत धरणं सोडा. खर्चाचा अंदाज होता ६१६ कोटींचा. तेवढे पैसे उभे राहिले नाहीत आणि अहवाल कपाटात बारा वर्षं राहिला.

मग २६ जुलै २००५ आला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७३. एकाच शहरात एवढी तफावत. मुंबईत चारशेहून अधिक माणसं गेली. त्या रात्री जे चालत घरी पोचले त्यांना अजून छातीएवढ्या पाण्याचा वास आठवतो. तो वास पावसाचा नव्हता. राज्य सरकारने जलतज्ज्ञ डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. तिच्या अहवालाने मुंबईकडे वॉर्डांच्या रेषांऐवजी पाणलोटांच्या रेषांनी पाहायला शिकवलं. पाणी वॉर्डाची हद्द ओळखत नाही, ते उतार ओळखतं, ही साधी गोष्ट ठळकपणे नकाशावर आली. स्वयंचलित पर्जन्यमापकं जागोजागी बसली. मिठीसाठी स्वतंत्र प्राधिकरण झालं. १७.८४ किलोमीटरची ही नदी विमानतळाच्या धावपट्टीखालून, वांद्रे-कुर्ला संकुलाच्या भरावाला वळसा घालून, धारावीवरून माहीमच्या खाडीला मिळते. ही नदी आहे हेच त्या दिवसापर्यंत निम्म्या मुंबईला ठाऊक नव्हतं.

केंद्राने १,२०० कोटींच्या योजनेला मान्यता दिली आणि कपाटातला अहवाल बाहेर आला. नाले रुंद झाले, खोल झाले, काठांना भिंती आल्या. आठ मोठी उदंचन केंद्रं, म्हणजे पंपिंग स्टेशनं, ठरली. हाजी अली आणि इर्ला २०११ च्या सुमारास सुरू झाली, पुढे लव्ह ग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, आणि २०१९ साली गझदरबंध. माहुल आणि मोगरा मागे राहिली. या केंद्रांतला एकेक पंप सेकंदाला सहा हजार लिटर पाणी समुद्रात फेकतो. झडपा मिटलेल्या असतानाही शहराला श्वास घेता येतो. ज्यांनी आधीची मुंबई पाहिली आहे त्यांना याचं मोल कळतं. पूर्वी दोन दोन दिवस उभं राहणारं पाणी आता पुष्कळ ठिकाणी दोन-तीन तासांत उतरतं. हिंदमाताजवळ तर भुयारी टाक्या बांधल्या, भरती असेल तेव्हा पावसाचं पाणी त्यांत साठवायचं आणि ओहोटीला सोडायचं. हे काम करणाऱ्या अभियंत्यांचं आणि भर पावसात पंपावर रात्र काढणाऱ्या कामगारांचं कौतुक कुणी छापत नाही. ते व्हायला हवं.

पण खरं शिक्षण दिलं ते या केंद्रांच्या जाळ्यांनी. पंपाच्या आधी उभ्या लोखंडी जाळ्या असतात, पात्यांत कचरा अडकू नये म्हणून. मोठ्या पावसात या जाळ्यांवर येऊन चिकटतो तो शहराचा कबुलीजबाबच. दुधाच्या पिशव्या, थर्मोकोल, गुटख्याच्या पुड्या, चपला, उशा, गाद्या, नारळ, निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीसकट. जाळीवरून कचरा खरवडणारं यंत्र वर-खाली चालूच असतं आणि शेजारी ढीग वाढत जातो. तीस हजार प्रवेशद्वारांतून जे आत गेलं ते सगळं इथे एका जागी भेटतं. पूर्वी तेच सरळ समुद्रात जात होतं, म्हणून दिसत नव्हतं. २०१८ च्या जुलैत मोठ्या भरतीने मरीन ड्राइव्हवर कचऱ्याचा थर परत आणून टाकला, तेव्हा शहर हळहळलं. समुद्राकडे स्वतःचं प्लास्टिक कुठे असतं? खाडीच्या तोंडाशी डोल जाळी लावणाऱ्या कोळ्यांना हे कधीपासून ठाऊक होतं. त्यांच्या जाळ्यात मासळीइतक्याच पिशव्या येत होत्या आणि त्या निवडण्यात निम्मा दिवस जात होता.

जाळी जे अडवते ते डोळ्यांना दिसतं तरी. जे अडत नाही ते अधिक वाईट. लहानपणी आम्हाला सांगायचे, पहिल्या पावसात भिजलं की घामोळं जातं. अंगावर पडणारं ते पाणी त्यामानाने स्वच्छच असतं. पण तेच पाणी रस्त्यावर उतरलं की पहिल्या अर्ध्या तासात आठ महिन्यांची झाडलोट करून निघतं. टायरची झीज, ब्रेकची भुकटी, गळालेलं ऑइल, बांधकामाची सिमेंटमिश्रित धूळ, कबुतरांची आणि कुत्र्यांची घाण, रंगाऱ्याने ब्रश धुतलेलं पाणी. जूनमधल्या पहिल्या सरीचं रस्त्यावरचं पाणी वर्षातलं सर्वांत घाण असतं, नंतरचा पाऊस त्यामानाने स्वच्छ वाहतो. ज्या शहरांनी हे ओळखलं त्यांनी पहिलं पाणी मातीतून, झाडांच्या वाफ्यांतून, खडीच्या चरांतून मुरवून मगच पुढे सोडायला सुरुवात केली. आपल्याकडे मोठ्या भूखंडांवर पर्जन्यजल संधारण २००२ पासून सक्तीचं आहे, २००७ मध्ये ती सक्ती तीनशे चौरस मीटरच्या भूखंडांनाही लागू झाली होती. पण त्याकडे पाहिलं जातं ते पाणी साठवण्याच्या दृष्टीने. जाळीत जाणारी घाण कमी करण्याचा तो पहिला उपाय आहे, हे परवानगीच्या कागदावर कुठे लिहिलेलं नसतं.

नालेसफाईबद्दल थोडं सविस्तर लिहिलं पाहिजे, कारण खात्याचं वर्ष तिच्याभोवती फिरतं. मोठ्या नाल्यात पोकलेन उतरतो. पण गल्लीतली छोटी गटारं अजून माणूसच साफ करतो. आमच्या गल्लीत दर मे महिन्यात कंत्राटदाराची चार-पाच माणसं येतात. फरशी उचलतात, लांब कामटीने तळ चाचपतात, फावड्याने गाळ घमेल्यात घेतात. एकदा मी त्यांच्यापाशी बराच वेळ उभा राहिलो. त्यांच्यातल्या वयस्काने मला दाखवलं, की गाळ फावड्यात सहज येतो, पिशव्या येत नाहीत. मातीत गुंतून त्यांची चादर होते. ती फावड्याने तुटत नाही, हात घालूनच ओढावी लागते. हातमोजे होते, पण तळहाताशी फाटलेले. त्याच्या बोटांच्या पेरांवर काचेने कापल्याचे जुने व्रण होते. बाहेर काढलेला गाळ पाणी निथळावं म्हणून गटाराच्याच काठावर ठेवला गेला. तिसऱ्या दिवशी वळवाची सर आली आणि अर्धा ढीग परत आत गेला.

या कामात गैरव्यवहारही झाले. २०१५ साली चौकशी झाली, अभियंते निलंबित झाले, कंत्राटदारांवर गुन्हे दाखल झाले. त्यानंतर वजनकाटे, चित्रीकरण, वाहनांची नोंद असे कडक नियम आले. चांगलं झालं. पण मला टोचतं ते दुसरंच. दर वर्षी खातं अभिमानाने सांगतं, की यंदा इतके लाख टन गाळ काढला, उद्दिष्टाच्या इतके टक्के. गाळ जितका जास्त तितकं काम मोठं. नाल्यात येणारा गाळ आणि कचरा वर्षागणिक कमी होत गेला, तर खात्याचा आकडा खाली येईल आणि वर्तमानपत्रं म्हणतील, सफाई कमी झाली. ज्या मोजमापात घाण हाच कामाचा पुरावा ठरतो, ते मोजमाप बदलायला हवं. कोणत्या नाल्यात फेब्रुवारीत किती पाणी वाहतं आणि त्यात काय आहे, हा आकडा प्रत्येक वॉर्डाने दर वर्षी लावला पाहिजे.

आता खातं त्या दिशेने वळतं आहे, हे मान्य करायला हवं. नद्यांमध्ये येणारा कोरड्या दिवसांतला प्रवाह अडवून शुद्धीकरणाकडे वळवण्याची कामं सुरू झाली. पवईच्या बाजूला मिठीचं पाणी शुद्ध करणारं छोटं केंद्र उभं राहिलं. बापट नाला आणि सफेद पूल नाला यांच्यातलं मैलापाणी धारावीच्या केंद्राकडे नेणारा बोगदा आखला गेला. वरळीपासून भांडुपपर्यंत सात मोठी मलशुद्धीकरण केंद्रं बांधली जात आहेत. एवढी वर्षं पर्जन्य जलवाहिन्या आणि मलनिस्सारण ही दोन खाती एकाच पाण्याकडे दोन बाजूंनी पाहत होती. आता त्यांना एका टेबलाशी बसावं लागतं आहे. तरीही नाल्याच्या तोंडाशी पाणी अडवणं हा शेवटच्या दाराचा उपाय आहे. मुसळधार पावसात ते दार उघडावंच लागतं आणि मग आत साचलेलं सगळं समुद्रात जातं. घाण पहिल्या दाराशी अडवायची, तर ते काम खातं एकट्याने करू शकत नाही. १९९७ साली पालिकेने प्रगत परिसर व्यवस्थापनाची योजना काढली आणि गल्लोगल्लीची रहिवासी मंडळं त्यात आली. त्यांनी ओला-सुका कचरा वेगळा करायला शिकवलं. वेसाव्याच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१५ पासून अफरोझ शाह आणि त्यांच्याबरोबर आलेल्या शेकडो लोकांनी दर शनिवार-रविवार कचरा उचलला. मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे गेली. ही बातमी वाचून मी खरोखर रडलो होतो. पण समुद्रकिनारी उचललेली पिशवी कधीतरी कुठल्यातरी गल्लीतल्या जाळीतून गेलेली असते, आणि त्या जाळीपाशी अजून कुणी उभं राहत नाही.

आमच्या सोसायटीपुरतं सांगतो. नाल्याला फेस का येतो यावर आम्ही कैक वर्षं वरच्या वस्तीकडे बोट दाखवत होतो. एका रविवारी शेजारच्या निवृत्त प्लंबरकाकांनी सांगितलं, आधी आपल्या इमारतीचं बघा. इमारत १९८० च्या दशकातली. गच्चीवरचं पावसाचं पाणी खाली आणणारे उभे पाइप बाल्कनीतून जातात. पुढे बाल्कन्या बंद झाल्या, तिथे वॉशिंग मशीन आली आणि मशीनचं पाणी सोडायला हाताशी सोपा होता तो हाच पाइप. काकांनी नीळ मागवली. आमच्याच घरच्या मशीनमध्ये नीळ घालून पाणी सोडलं आणि आम्ही चौघंजण मागच्या भिंतीपाशी जाऊन नाल्याकडे पाहत उभे राहिलो. सुरुवातीला काहीच दिसेना. मग भिंतीतल्या पाइपाच्या तोंडातून आधी साबणाचा फेस आला आणि त्यामागून निळी रेघ. ती काळ्या पाण्यात काही अंतर वेगळी दिसत राहिली, मग मिसळून गेली. कुणीच काही बोललं नाही. माझ्या घरचं पाणी, तीस वर्षं.

निम्म्याहून अधिक घरांची तीच तऱ्हा निघाली. सभेत वाद झाला. टाइल्स फोडायच्या, खर्च कुणी करायचा, पालिकेने कुठे नोटीस दिली आहे, असे सगळे प्रश्न आले. शेवटी मागच्या बाजूने मोरीच्या पाण्याची वेगळी वाहिनी टाकून ती मलवाहिनीला जोडली. अडीच महिने लागले. गाड्या धुण्याची जागाही तेव्हाच बदलली. आधी फाटकाजवळच्या जाळीपाशी धुवायचे, आता मागच्या मातीच्या पट्ट्याशी बादलीने धुतात आणि पाणी कर्दळीच्या वाफ्यात जातं. कर्दळ जोमाने वाढली आहे. रंगकाम झालं तेव्हा रंगाऱ्यांना ब्रश धुवायला जुना पिंप दिला आणि पिंपातलं गाळून उरलेलं घट्ट वाळवून कचऱ्यात दिलं.

यंदाच्या जानेवारीत मी मागच्या भिंतीवरून वाकून पाहिलं. आमच्या पाइपाच्या तोंडाशी पांढरा सुकलेला ओघळ आहे आणि त्यावर कोळ्याने जाळं विणलं आहे. त्याच्या दोन हात वर, शेजारच्या इमारतीच्या पाइपातून मात्र गरम पाण्याची वाफ आणि फेस येत होता. त्यांच्या सेक्रेटरींना मी निळीची पुडी नेऊन दिली आहे. येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता आम्ही सगळे तिथे भिंतीपाशी जमणार आहोत.